खंडेनवमीची विश्रांती

भेस्तानच्या आमच्या कापडमिलमधला कंट्रोल रूमचा कॉम्प्युटर कधीही बंद करायचा नाही, एवढं एकच मला कामाला लागले तेव्हा बजावून सांगितलं होतं. बंद केला तर पुन्हा उठेल की नाही, देवच जाणे. बनवणाऱ्या कंपनीने केव्हाच गाशा गुंडाळलेला. नवा घ्या म्हणून मी शेठच्या मागे भुणभुण लावायचे आणि शेठचं ठरलेलं उत्तर, "चाले छे ने?"

चालत होता खरा. खाली बॉयलरवर आमचे हे. बॉयलरचं काट्याचं मीटर कधीचं बंद पडलेलं, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. वाफेचा दाब माझ्या पडद्यावर दिसायचा आणि मी काचेतून हात दाखवायचे. हात वर, कोळसा टाका. हात आडवा, थांबा. घरात कधी माझं ऐकलं नाही, तिथे मात्र मुकाट ऐकायचे.

त्या वर्षी खंडेनवमीला मशिनी धुऊनपुसून पुजल्या. आम्हा खानदेशी माणसांचा नियम, त्या दिवशी हत्याराला विश्रांती द्यायची. यांनी माझ्या कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि मायेने बंद केला. "तो बी थकस ना," घरी येऊन म्हणाले.

दसऱ्यानंतर मिल सुरू झाली. कॉम्प्युटर उठला तसा माझा जीव भांड्यात पडला. दाब कमी दिसत होता, म्हणून मी हात वर केला. यांनी कोळसा टाकला. पुन्हा हात वर, पुन्हा कोळसा. खिडकीची काच थरथरायला लागली तेव्हा माझं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेलं. सकाळपासून ते हललंच नव्हतं. दाबाचा आकडाही नाही.

मी हात आडवा धरला, पण हे पाठमोरे होते, माझ्या भरवशावर पुढची पाटी भरत होते. जिना कशी उतरले आठवत नाही. दंडाला धरून यांना दाराबाहेर ओढलं आणि आत नळाचा जोड उडाला. हे उभे होते ती जागा वाफेत दिसेनाशी झाली.

शेठने जोड नवा बसवला. कॉम्प्युटर तोच. भंगारातून कुठलासा भाग आणून त्याला चालता केला, वर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी डकवली. दोघांची पोटं त्याच मिलवर, चिडून तरी जाणार कुठे?

परवा पाटी उचलून यांनी वर बघितलं. पडद्यावर दाब कमी दिसत होता. माझा हात काही उठेना, आणि हे खाली वाट बघत उभे.