वाचलं मी, मागितलं तिनं

लोणावळ्याच्या एका चिक्कीच्या कारखान्यात माझा नवरा ओट्यावर चिक्की लाटायला होता आणि मी पॅकिंगला. मळवलीहून सकाळी आम्ही एकाच गाडीने जायचो, संध्याकाळी एकाच गाडीने परतायचो. दोघांचेही पाय सारखेच दुखायचे. त्याला रोज साडेचार रुपये मिळायचे, मला अडीच.

नवरा वाईट नव्हता. दारू नाही, मारहाण नाही, पगार आणून माझ्या हातात द्यायचा. तरी मला त्याचा हेवा वाटायचा. बायकोनं नवऱ्याचा हेवा करावा, हे मी तेव्हा कुणाला सांगू शकले नसते. पगाराच्या दिवशी तो गाडीत पाय पसरून बसायचा, मी अंग चोरून बसायचे, आणि माझी नजर त्या पसरलेल्या पायांवरून हलायची नाही.

त्यात हंगामात कारखान्याचे मालक, शेठ, पॅकिंगच्या दोन बायकांनाही ओट्यावर उभं करायचे. पावसाळ्यात धबधबे बघायला माणसं लोटली की लाटणारे गडी कमी पडत. मग मी आणि एक डोंगरवाली असायचो. ती मळवलीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत राहायची. पहाटे अनवाणी उतरून गाडीला यायची. गुळाचा उकळता पाक ओट्यावर ओतला की तो निवायच्या आत जड लाटण्यानं सारखा पसरायचा. हाताला चटके बसायचे, कमरेत कळ यायची. बाजूला नवरा तेच करत असायचा. पगार मात्र आम्हाला पॅकिंगचाच.

मी सातवी झाले होते. बायकांत वाचता येणारी मी एकटीच. दुपारी भाकरी खाताना चिक्की बांधायला आलेल्या रद्दीतले कागद मी मोठ्यानं वाचून दाखवायचे. एकदा त्यात बायकांच्या मजुरीची बातमी निघाली. सारख्या कामाला बाईलाही पुरुषाएवढीच मजुरी द्यावी लागेल, असा कायदा सरकारनं केला होता. खाली वाद दिला होता. एकजण म्हणत होता, असं केलं तर मालक बायकांना कामावरच ठेवणार नाहीत. दुसऱ्याचं म्हणणं, पोट काय बाईला लहान आणि गड्याला मोठं असतं का?

पलीकडे जेवत बसलेले गडी हसले. माझा नवरा म्हणाला, "शेठ काय पदरचं देनार हाय? आमचं कापतील आन् ह्यांना देतील."

"कापू द्या की," मी म्हणाले.

डोंगरवालीनं मला विचारलं, "म्हंजे कायदा व्हनार हाय का झालाय?"

"झालाय, असं लिवलंय."

"मग त्यो कागद दे मला."

तिनं कागदाची घडी केली, हात पदराला पुसले आणि सरळ शेठच्या गल्ल्यापाशी जाऊन उभी राहिली. आम्ही सगळ्या दारात. ती म्हणाली, "शेठ, ह्यात आमच्या रोजाचं लिवलंय म्हनं. मला वाचता येत न्हाई, तुमी वाचा."

शेठनी कागद वाचला. ते चिडले नाहीत, हसले. म्हणाले, "लाटणं गड्याचं काम आहे बाई. आठ दिवस रोज दिवसभर गड्याच्या बरोबरीनं लाटून दाखव. देतो तुला गड्याचा रोज."

"दावते," ती म्हणाली.

त्या क्षणी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाचलं मी होतं. कायद्याचा अर्थ मी सांगितला होता. महिनोन्‌महिने मनात जे घोळवत होते, ते ही अंगठाछाप बाई भाकरीचा घास गिळून मागून आली होती. मी का नाही गेले? नवरा समोर होता म्हणून? की शेठ हसतील म्हणून? आणि राग आला तो तिचाच.

शेठनी तिला माझ्या नवऱ्याच्याच शेजारी उभं केलं. आठ दिवस मी कागदात चिक्की गुंडाळता गुंडाळता त्या दोघांच्या पाठी बघत होते. एकाच वेळी वाकायच्या, एकाच वेळी सरळ व्हायच्या. ती थकावी, पाक निवून तिचा ओटा वाया जावा, असं मी मनात धरलं होतं. चौथ्या दिवशी तिच्या मनगटावर पाक सांडला. मोठा फोड आला. तिनं त्यावर चिंधी बांधली आणि लाटत राहिली.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "बाई हाय, पन हात गड्याचा. मला वाटलं न्हवतं."

"मी बी लाटलंय की हंगामात," मी म्हणाले.

"व्हय, लाटलंयस," तो म्हणाला आणि आमटी मागितली.

आठ दिवसांनी तिला गड्याचा रोज सुरू झाला. तिनं ते लपवलं नाही. उलट मला म्हणाली, "आता तू जा. तुला तर बोलता बी येतं." मी म्हणाले, "बघू." तिचं ते सांगणं मला उपकारासारखं बोचलं. मी गेले नाही.

महिन्याभरानं पुण्याहून सरकारी साहेब तपासणीला आले. आदल्या दिवशी शेठनी आम्हाला सांगून ठेवलं होतं, विचारलं तर म्हणायचं की बायका इथं फक्त पॅकिंग करतात. त्या दिवशी डोंगरवालीला त्यांनी सुट्टी दिली होती. साहेबांनी विचारलं, "लाटायला बायका असतात का?" सगळ्यांनी मला पुढं ढकललं, कारण मी शिकलेली.

खरं सांगितलं असतं तर आमच्या सगळ्यांच्या मजुरीची चौकशी झाली असती. हे मला त्याच वेळी कळत होतं. शेठची भीती होती, पण ती थोडी. जीभ वळली ती डोंगरवालीच्या साडेचार रुपयांनी. मी म्हणाले, "न्हाई साहेब. लाटायचं काम गड्यांचं. बायकांना जमत न्हाई ते."

साहेबांनी लिहून घेतलं. नवरा ओट्यापाशी होता. त्याचं लाटणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी शेठनी डोंगरवालीला पॅकिंगला बसवलं, जुन्या रोजावर. "बायकांना लाटणं जमत नाही, असं तुमच्याच बाईनं साहेबांना सांगितलं, मी काय करू?" ते म्हणाले. कुठल्या बाईनं, ते सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, दुपारपर्यंत काम केलं आणि उठून गेली ती परत आली नाही.

घरी येताना नवरा गाडीत म्हणाला, "तिचं कमी झाल्यानं तुझं वाढलं का गं?" त्यानंतर हा विषय त्यानं काढला नाही.

दोन-तीन वर्षांनी मळवलीच्या फलाटावर ती भेटली. सरकारी रस्त्याच्या कामावर होती. तिथं खोदलेल्या मातीचं माप घेऊन पैसे मिळत, खोदणारा बाई की बुवा हे कुणी बघत नसे. अंग भरलं होतं, पायात वहाणा होत्या. मला बघून तिनं तोंड फिरवलं नाही. मला वाटलं, आता बोलावं. सगळं सांगून टाकावं.

तेवढ्यात तिनंच विचारलं, "तुमाला आता गड्याएवढा रोज देत्यात का?"

मला तेव्हा साडेतीन मिळत होते आणि नवऱ्याला सहा.

"व्हय," मी म्हणाले. "सारखाच देत्यात."

"लय चांगलं झालं," ती म्हणाली. मनापासून म्हणाली, चेहऱ्यावर दिसत होतं. मग पुण्याकडची गाडी आली आणि ती चढली. मी लोणावळ्याच्या गाडीची वाट बघत उभी राहिले. तिच्या वहाणा नव्या होत्या, आणि माफी मागायची राहून गेली यापेक्षा मला त्या वहाणाच जास्त सलत होत्या.