धर्माचं ‘ठाव नाय’

नाव धर्मा, आणि देवाचं काही विचारलं की उत्तर एकच, ‘ठाव नाय’. धोंडीबाईला या माणसाचा राग यायला एवढं पुरेसं होतं, आणि तो राग तिनं चाळीस वर्षं सोमवारच्या उपासाइतक्या नेमानं पाळला.

सिद्धगडाच्या पायथ्याला कातळवाडी नावाचं पन्नासेक उंबऱ्यांचं गाव आहे. तिथं धर्मा ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी सोडतो. वय साठीच्या घरात, अंगानं वाळकुडा, खांद्यावर व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी. वरच्या आळीला वीस मिनिटं, खालच्या आळीला वीस मिनिटं. सरपंचाच्या घरी लग्न निघालं तेव्हा ‘पाच मिनिटं जास्त सोड’ म्हणून निरोप आला, तर या पठ्ठ्यानं उलट निरोप धाडला, ‘टँकर मागवा.’ लग्नात त्याला जेवायला बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी सरपंचाच्या नळाला मात्र वीस मिनिटं पाणी आलंच.

लहानपणापासूनच हा असा. वेलीवरची पहिली काकडी गावदेवीला दाखवल्याशिवाय तोंडात घालायची नाही, ही कातळवाडीची रीत. आठ वर्षांच्या धर्मानं ती काकडी तोडून खाल्ली आणि देवळासमोर दगडावर बसून पोट दुखायची वाट बघत राहिला. पोट काही दुखलं नाही. घरी येऊन त्यानं आपण होऊनच सगळं सांगितलं आणि बापानं त्याला बडव बडव बडवला.

“आता कळला का देव?” बाप म्हणाला.

“मारलंस तर तू,” पोरगं म्हणालं.

त्यावर आणखी दोन बसल्या. बरोबरीची पोरं म्हणायला लागली, म्हणजे देव नाहीच. तर धर्मा त्यांच्याशीही भांडला. “तसं कुठं? त्याचं लक्ष नसंल तवा.” आता सांगा, अशा माणसाला ठेवायचं कुठं?

गावानं त्याला ‘नास्तिक’ म्हणून एका खुंटीला टांगून टाकलं होतं. पण धोंडीबाईची नात कुणाली मुरबाडच्या कॉलेजात जायला लागली आणि तिनं नवाच घोळ घातला. “आजी, देव नाही असं ठामपणे म्हणतो तो नास्तिक. धर्माआजा ठाऊक नाही म्हणतो. त्याला अज्ञेयवादी म्हणतात.”

“आग्यावादी?” धोंडीबाई म्हणाली. “शोभतंय मेल्याला. आग्या माशीवानीच हाय.”

“आणि तू आस्तिक.”

“मी कसली आस्तिक गो, मी धोंडीबाई.”

एवढा राग, पण पौषात मुरबाडजवळच्या म्हसा गावची जत्रा आली की हीच धोंडीबाई नवसाचा नारळ घेऊन धर्माच्या दारात उभी राही. ती एकटीच नाही, निम्मी वाडी. धर्मा जत्रेला जाई तो बैल बघायला आणि घोंगडी घ्यायला. पण ज्यांना चालवत नसे त्यांचे नारळ तो पिशवीत घालून नेई, रांगेत उभा राही आणि एकेक नारळ ठेवताना देवाला मोठ्यानं सांगे, “हा कातळवाडीच्या धोंडीबाईचा. नातीच्या परीक्षेचा.” स्वतःसाठी हात जोडत नसे. आधी हे काम गोजरकडे होतं. गोजर गळ्यात माळ घालणारा, भजनाला पुढे बसणारा. पण एका वर्षी नवसाच्या नारळाची चटणी गोजरच्या घरच्या भाकरीवर दिसली, आणि तेव्हापासून सगळे नारळ नास्तिकाच्या पिशवीत.

करोनाच्या वर्षी जत्रा भरली नाही. तरी धर्मा धोंडीबाईचा नारळ घेऊन म्हशापर्यंत चालत गेला आणि संध्याकाळी तोच नारळ परत आणून तिच्या ओट्यावर ठेवला. “दार बंद होतं, वयनी. तुजा निरोप पोचला नाय.”

“अरे, पायरीवर तरी ठेवायचास!”

“पायरीवर ठेव असं तू बोलली न्हवतीस.”

धोंडीबाईनं कपाळावर हात मारला. नारळ न सोललेला होता, त्याला पुढे कोंब आला. तो तिनं परसात लावला, आणि झाड आता छपराला लागलंय.

हे सगळं आधी सांगितलं, कारण गेल्या ज्येष्ठात धोंडीबाईवर वेळच तशी आली.

गावाच्या वरच्या अंगाला तिचा एक माळ आहे. नागली आणि वरई होते, कडेनं काकडीचे वेल सोडलेले. हा माळ मुळात तिच्या दिराचा, नामाचा. तीस वर्षांपूर्वी नामा हिरड्याच्या झाडावरून पडला आणि त्याचा पाय कायमचा अधू झाला. माळ चढणं त्याला होईना. तेव्हा धोंडीबाईचा नवरा भिमा म्हणाला, “माजं वढ्याकाठचं खाचर तू घे, तुजा माळ मला दे.” खाचर म्हणजे भाताचं, भरल्या पाण्याचं. माळ म्हणजे नुसते दगड. पण भावाचा पाय बघून भिमानं व्यवहार बघितला नाही. खाचराचा कागद झाला. माळाचा ‘पुढल्या खेपेला करू’ म्हणून राहिला, आणि पुढली खेप आलीच नाही. आधी नामा गेला, मग भिमा गेला. दोघा भावांचं हे बोलणं झालं तेव्हा बांध घालायला मदतीला आलेला धर्मा तेवढा तिथं होता.

सातबाऱ्यावर माळ नामाच्याच नावानं राहिला. आता नामाचा मुलगा सुनिल, मुरबाडच्या कंपनीत कामाला जाणारा, म्हणू लागला की माळ आमचा, कल्याणच्या एका माणसाला फार्महाऊससाठी द्यायचा आहे. सुनिल वाईट पोरगा नव्हे. तो व्यवहार झाला तेव्हा रांगत होता, त्याला काय कळणार? त्याला सांगितलं होतं त्याच्या मामानं, म्हणजे आपल्या चटणीवाल्या गोजरनं, की ‘तुज्या बापानं माळ नुसता कसायला दिलेला’.

त्या माळावरचा दगड न् दगड धोंडीबाईनं आणि भिमानं दोन वर्षं वेचला होता. तिथं भिमाच्या हातचे बांध आहेत. ते आता फार्महाऊसखाली जाणार होते.

गावातला जाणता चंदर. त्यानं कातळवाडीचा जुना तोडगा काढला, बेल उचलायचा. गावदेवीपुढं ताटात बेलाचं पान आणि हळद ठेवायची, साक्षीदारानं ते दोन्ही हातांनी उचलून बोलायचं. बेल उचलून बोललेला शब्द गाव मोडत नाही. कुणीच उचलला नाही तर कागद खरा. सुनिलकडून गोजर उचलणार होता. धोंडीबाईकडून उचलायला जगात एकच माणूस उरला होता, आणि तो धर्मा.

ती सकाळी सकाळी पाण्याच्या टाकीपाशी गेली. धर्मा चावी फिरवत होता.

“बेल उचलशील ना रे?”

“बोलीन, वयनी. जे ऐकलं ते समदं बोलीन. बेल नाय उचलायचा.”

धोंडीबाई दोन पावलं पुढं आली. “अरे, तुला काय त्याचं? तुज्या लेखी तो पालाच ना? पाला म्हणून उचल!”

धर्मानं चावी थांबवली. “माज्या लेखी पाला असंल, पण तुमच्या लेखी देव हाय. मी तो हातात धरला की गाव काय समजंल? धर्मा देवाला भिऊन बोलतोय. तसं नाय ना. मंग खरं सांगायला उभं ऱ्हायचं आन् सुरुवातच खोट्यानं करायची?”

“माजा माळ जाईल, धर्मा.”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षांत तिनं ते पहिल्यांदा बघितलं. “भिमा माजा दोस्त होता,” एवढंच तो म्हणाला आणि खालच्या आळीची वेळ झाली म्हणून चावी खांद्यावर टाकून निघून गेला. धोंडीबाई टाकीपाशी बसून ढसाढसा रडली. मग तिनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग घरी येऊन चूल पेटवली, कारण कुणाली कॉलेजातून भुकेली येणार होती.

रविवारी गावदेवीपुढं सगळी वाडी जमली. ताटात बेल, हळद. चंदरनं आधी धर्माला पुढं बोलावलं. धर्मानं ताटाला हात लावला नाही. हात मागे बांधून, शाळेतल्या पोरासारखा सरळ उभा राहून त्यानं सांगितलं, कोण कुठं उभं होतं, नामाच्या पायाला कसलं फडकं बांधलं होतं, भिमा काय बोलला, नामा काय बोलला. “नामा बोलला, ‘दादा, माळ आता तुजा, माजं नाव काढून टाक.’ हे मी ऐकलं. बेल मी उचलत नाय, कारण देव हाय का नाय ते मला ठाव नाय. आन् जे ठाव नाय त्याच्या नावानं मी बोलत नाय.”

माणसं हसली. कुणीतरी मागून ओरडलं, “मंग आमी तुज्यावर इस्वास कसा ठेवायचा?”

“नका ठेवू,” धर्मा म्हणाला आणि जाऊन खाली बसला.

मग गोजर उठला. डोक्याची टोपी सारखी केली, देवीला नमस्कार केला, दोन्ही हात ताटाकडे नेले. हात बेलापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. सगळे बघत होते. समोर असा एक माणूस बसला होता की ज्यानं देव मानत नसतानाही खोटेपणानं पानाला हात लावला नाही, आणि गोजर तर देव मानणारा. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“मामा, उचल ना,” सुनिल म्हणाला.

गोजरनं हात मागे घेतले. “मी तवा तिथं न्हवतो,” तो म्हणाला. “नामानं कसायला दिला का कायमचा दिला… मला ठाव नाय.”

‘ठाव नाय’ हे शब्द गोजरच्या तोंडून! सुनिल मामाकडे नुसता बघत राहिला.

चंदर डोकं खाजवत म्हणाला, “दोघांनी पन उचलला नाय. मंग रीतीनं तर कागद…”

“थांब,” धोंडीबाई म्हणाली.

ती बायकांमधून उठून पुढं आली आणि कुणी अडवायच्या आत तिनं ताटातला बेल आणि हळद उचलली.

“माळाचं मी बोलत नाय. ते मी माज्या कानानं ऐकलं नाय. मी बोलते या मानसाचं. ह्यानं माज्या नळाला एक मिनिट कमी दिलं नाय आन् एक मिनिट जास्त दिलं नाय. ह्याच्याकडं दिलेला देवाचा नारळ देवाला पोचला, नाय पोचला तवा माज्या ओट्यावर परत आला. धर्मा खोटं बोलत नाय. हे खोटं असंल तर गावदेवी मला बघून घेईल.”

ज्याला देवाचं ठाऊक नाही त्याच्यासाठी तिनं आपला देव पणाला लावला. धर्मानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

सुनिल उठला. त्यानं काकीच्या हातातून बेल काढून ताटात ठेवला. “ठेव, काकी. माळ तुजा. कागदाला मी येतो सोमवारी, कंपनीत सुट्टी टाकून.” आणि खरंच आला. त्याचंही कौतुक करायला हवं.

भाद्रपदात माळावर पहिली काकडी धरली. धोंडीबाईनं ती तोडली, पदराखाली घेतली आणि गावदेवीकडे न जाता सरळ टाकीपाशी गेली.

“घे. आदी तू खा.”

धर्मानं काकडी बघितली, तिच्याकडं बघितलं. “आन् देवी?”

“तिला मी सांगंन.”

“नाय, वयनी. तुजी रीत हाय. आदी तिला दाखवून ये. मी थांबतो.”

“आठ वर्सांचा होतास तवा थांबला न्हवतास.”

“तवा खाऊन बघितलं. आता थांबून बघतो.”

ती गेली, देवीपुढं काकडी ठेवली, परत आली. तो खरंच थांबला होता, वरच्या आळीचं पाणी सोडून, चावीला टेकून. तिनं काकडीचे दोन तुकडे केले, पदराच्या गाठीतलं मीठ लावलं. दोघंही टाकीच्या कट्ट्यावर बसून खायला लागले.

“धर्मा,” थोड्या वेळानं ती म्हणाली, “त्या दिवशी मी बेल उचलला, ते देवीनं ऐकलं असंल का रे?”

धर्मानं तोंडातला घास संपवला.

“देवीचं ठाव नाय, वयनी,” तो म्हणाला. “मी ऐकलं.”