अर्धं वचन घेऊन बेंगळुरूला

मुलाला चार शब्द सुनावायचे, एवढ्याच कामासाठी मी नगरहून बेंगळुरू गाठलं. नुसतं फिरायला जाणाऱ्यांनाही उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

अमोलचे पप्पा आजारात गेले, तेव्हापासून त्याने चर्चचं तोंड पाहिलेलं नाही. "इतकी प्रार्थना केली, काय झालं?" असं म्हणून तो विषयच बंद करतो. फोनवर दाद देईना, तेव्हा मी बायबलातल्या एकशे एकोणिसाव्या स्तोत्राचं शेवटचं वचन पाठ करून निघाले. हरवलेल्या मेंढराचं. समोर बसवून ऐकवणारच होते.

पुण्याहून स्लीपर बस मिळते. खालचाच बर्थ मागा, वर चढताना माझ्या गुडघ्यांनी हात टेकले. सकाळी शहरात शिरताना आधी पीण्या लागतं, सगळे कारखाने. मल्लेश्वरमला जायचं तर तिथेच उतरून मेट्रो धरा. अमोल राहतो मारतहळ्ळीला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, म्हणून गाडी घेऊन आला होता. नुसता वाळलाय. ट्रॅफिकमध्ये वेळ भरपूर होता, पण वचन तोंडातून निघेना. तो म्हणाला, "आई, बाजरीच्या भाकरी आणल्यास?" आणल्या होत्या.

रविवारी मल्लेश्वरमला लोणी डोसा खाल्ला. जड असतो, दोघांत एक पुरे. "चटणी स्वल्प?" वाढणाऱ्या अण्णांनी विचारलं. म्हटलं, स्वल्प कशाला, चांगली वाढा. जवळच एका शाळेच्या हॉलमध्ये मराठी उपासना असते. अमोलने दारापर्यंत सोडलं.

"मी बाहेर बसतो."

"बस. ऊन खात बस." राग आला होता मला.

तिथे पाहुण्याने उभं राहून नाव सांगायचं आणि एक वचन पाठ म्हणायचं, अशी पद्धत आहे. माझ्या डोक्यात एकच होतं. "मी हरवलेल्या मेंढरासारखा भटकलो आहे," इथवर म्हटलं आणि पुढचं आठवेना. आठवणार कुठून? मला हवं होतं तेवढंच पाठ केलेलं, पुढचं वर्षानुवर्षं तोंडातच नव्हतं. लोक माना वळवून बघायला लागले.

"मला शोध, कारण तुझ्या आज्ञा मी विसरलेलो नाही."

दारातून आवाज आला. चौकटीला टेकून अमोल उभा होता. पाळकसाहेबांनी त्याला आत बोलावलं, पण मान हलवून तो परत बाहेर गेला.

परतताना गाडीत विचारलं, "तुला आठवतं अजून?"

"संडे स्कूलला तूच घोकून घेतलंस ना. विसरता येत नाही, आई, तीच पंचाईत आहे." मग पहिल्यांदाच पप्पांबद्दल बोलला, आणि रडला. मीही रडले. सिग्नल सुटला तरी आम्ही तिथेच, मागे हॉर्नचा गदारोळ.

जन्मभर हे वचन मी दटावणीसारखं वापरलं. पण त्यातलं मेंढरू 'मी येतो' म्हणत नाही, 'मला शोध' म्हणतं. वाट सापडत नाही त्याला, पण आपण कुणाचे ते ठाऊक आहे. अमोल चर्चला जातो का, हे मी आता विचारत नाही. फोन मात्र तो स्वतःहून करतो.

इथे नगरला चर्चच्या मंडळीतल्या बायका विचारतात, "सुनावलंस का पोराला?"

सांगते, निम्मं मी म्हटलं, निम्मं त्याने.