यंत्रातला उजवा खांदा

आमचे हे गोल्फ शिकवायचे. मैदानावर सगळे त्यांना मास्तर म्हणत. तरुणपणी हे दुसऱ्यांच्या काठ्यांच्या जडशीळ पिशव्या खांद्यावर घेऊन खेळणाऱ्यांच्या मागे चालत. एकदा कोणीतरी थट्टेत काठी हातात दिली, "घे, मार बघू," आणि यांनी मारला. चेंडू कुठे पडला हे शोधायला म्हणे दोघं गेले होते. हे खरं किती, देव जाणे. लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांना हीच गोष्ट सांगितली होती आणि चेंडू त्या वेळी जरा जवळ पडला होता.

शिकवायची यांची एक तऱ्हा होती. सकाळचं कोवळं ऊन पाठीशी घेऊन शिकणाऱ्याला उभं करायचं, म्हणजे सावली पुढे पडते. मग म्हणायचं, "माझ्याकडे बघू नका. सावलीकडे बघा. ती तुम्हाला लाजवत नाही." काठी मागे गेली की सावलीची काठी कुठे जाते, कंबर आधी वळते की हात, सगळं जमिनीवर दिसायचं. आणि सगळ्यांना एकच पालुपद. "उजवा खांदा सैल सोडा. ओल्या टॉवेलसारखा लोंबू दे." हे वाक्य ते झोपेतही बोलले आहेत, मी ऐकलंय.

पुढे मालकांनी मैदानाच्या कडेला बंद हॉल बांधला. आत हिरवं जाजम, समोर जाळी, बाजूला मोठा पडदा. छताखाली सावली कुठली पडायला? तिच्या जागी यंत्र आलं. मनगटाला, दंडांना, कमरेला, पाठीला पट्ट्यांनी काड्यापेटीएवढे डबे बांधायचे. माणूस जसा हलेल तसं ते ओळखतात, आणि पडद्यावर हिरव्या रेघांचा एक माणूस तस्संच करून दाखवतो. यंत्र सांभाळायला एक चुणचुणीत मुलगी होती. तिला सगळे सेन्सरताई म्हणत.

पहिल्या दिवशी हे घरी येऊन म्हणाले, "आज स्वतःचा सांगाडा बघितला."

"कसा आहे?"

"बरा आहे. पोट नाही त्याला."

मालकांचा बेत असा होता की एका चांगल्या शिक्षकाचा फटका यंत्रात नमुना म्हणून कायमचा ठेवायचा. शिकणारा आला की त्याचा रेघांचा माणूस त्या नमुन्यावर ठेवायचा, आणि कुठे चुकतंय ते यंत्रच बोलून सांगेल. नमुना ज्याचा, हॉल त्याच्या हाताखाली. पहिला मान यांचा. यांचं जमलं नाही तर दुसऱ्या मैदानावरचा एक तरुण शिक्षक तयारच होता. हे मालकांनी गोड बोलून सांगितलं, पण सांगितलं.

अडचण फटक्याची नव्हतीच. फटक्याआधी यंत्राला शून्य द्यावं लागतं. सगळे डबे बांधून, हात खाली सोडून, सरळ आणि अगदी निश्चल उभं राहायचं. घंटी वाजली की यंत्राने ते शून्य धरलं. पुढचं सगळं माप त्या उभं राहण्यापासून. मध्ये हललात तर लाल दिवा.

यांना लाल दिवा लागला. पुन्हा लागला. सेन्सरताईने सेल बदलले, पट्टे आवळले, डाव्या मनगटाचा डबाच नवा आणवला. लालच. हे घरी म्हणाले, "यंत्राला अजून माझी सवय नाही."

मी ते ऐकलं आणि भांडी घासत राहिले. यांचा डावा हात मी घरी बघत होतेच. संध्याकाळी मी देवापुढे बसले की हे खुर्चीत बसायचे, आणि मांडीवर ठेवलेल्या डाव्या हाताचा अंगठा बोटावर हळूहळू फिरायचा, अगदी माळ ओढावी तसा. जन्मात कधी देवाला हात न जोडणारा माणूस. मला वाटलं, चला, यांनाही नाम लागलं एकदाचं. टोकलं तर सोडून देतील म्हणून बोलले नाही. देवाचे आभार मानले.

नमुना द्यायच्या शेवटच्या दिवशी हे जेवणाचा डबा घरीच विसरले, म्हणून मी तो घेऊन हॉलवर गेले. आत गेले तर लाल दिवा. हे डबे बांधून उभे होते आणि सेन्सरताईच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"काकू," ती एकदम म्हणाली, "तुम्ही उंचीला काकांएवढ्याच आहात की! तुम्ही उभ्या राहता का जरा? शून्य तर घ्यायचंय. फटका काका मारतील."

यांनी माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीकडे बघून म्हणाले, "राहा."

तिने माझ्या अंगावर पट्टे बांधले. मी डोळे मिटले. उभं राहायचं तर त्यात काय. पहिल्या खेपेलाच घंटी वाजली.

"काकू, तुम्ही श्वास तरी घेता का?"

"नाम घेते," मी म्हटलं.

ती हसली. हे हसले नाहीत. मग तेच पट्टे यांच्या अंगावर गेले आणि यांनी काठी फिरवली. हलत्या हाताला काही होत नव्हतं, सगळा घोळ स्वस्थ हाताचा होता. फटका सुरेख बसला. मालक टाळ्या वाजवत आले, "वा मास्तर, हॉल तुमचा!" हे जेवले. रिकामा डबा घेऊन मी घरी आले.

पुढे यांना शर्टाचं उजव्या बाहीचं बटण लावता येईना. ते डाव्या हाताचं काम. मग मात्र मी डॉक्टरांकडे नंबर लावला. हे टाळत होते, म्हणून त्या दुपारी त्यांना न्यायला मी स्वतः हॉलवर गेले आणि बाकावर बसून राहिले.

दातांचे एक डॉक्टर यांचे जुने विद्यार्थी. ते फटके मारत होते. चेंडू उडतच नव्हता, जमिनीवरून घरंगळत जाळीपर्यंत कसाबसा पोचायचा. प्रत्येक फटक्याला यंत्र बाईच्या आवाजात म्हणायचं, "उजवा खांदा उचला."

"अहो मास्तर," डॉक्टर ओरडले, "अजून किती उचलू? खांदा आता कानात जाईल माझ्या! आणि तुम्ही इतकी वर्षं सैल सोडा सैल सोडा म्हणून बोंबलत होता, ते काय होतं?"

शेजारच्या जाजमावरची बाईही तशीच उभी होती. पलीकडचे आजोबाही. उजवा खांदा वर, जसे काही सगळे खांद्यात फोन धरून बोलतायत. मला हसू यायला हवं होतं.

हे बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग वळून त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे नव्हे, खांद्याकडे.

माझा उजवा खांदा उतरलेला आहे. पाण्याच्या बादल्या, बाजाराच्या पिशव्या, कडेवरची मुलगी, सगळं मी त्याच बाजूने वाहिलं. सासूबाई म्हणायच्या, "सूनबाई, तुला भिंतीवर टांगलं तर तसबिरीसारखी रोज सरळ करावी लागेल." यंत्राने माझं ते उतरतं उभं राहणं सरळ म्हणून धरलं होतं. त्याच्या लेखी मास्तरांचा खांदा चढलेला होता, आणि तेवढाच चढवा म्हणून ते येईल त्याला सांगत होतं.

"तो नमुना काढून टाक," हे सेन्सरताईला म्हणाले.

मालक आतून आले. "का हो? चांगला झालाय की."

"फटका माझा आहे. खांदा हिचा आहे." यांनी माझ्याकडे बोट केलं. "शून्याला ही उभी राहिली होती."

सेन्सरताई पडद्याकडे तोंड करून उभी राहिली. मालकांना कळायला वेळ लागला. मग ते हसले. "एवढंच ना? मग आता तुमचं घ्या शून्य. पाच मिनिटांचं काम. कोणाला कळणारही नाही."

यांनी डावा हात पुढे केला आणि नुसता धरून ठेवला. अंगठा फिरत होता. बोटावरून, परत, बोटावरून. हॉलमधले फटके एकेक करून थांबले.

"ते घेता येणार नाही," हे म्हणाले. "दिवा लालच लागेल. आणि माझ्यामुळे माणसं वाकडी उभी राहतायत हो."

दातांचे डॉक्टर काठी टेकून जवळ आले. आवाज बदलला होता. "मास्तर, हे कधीपासून आहे?"

"मला वाटलं नाम घेतायत," मी म्हटलं. कोणी विचारलं नव्हतं.

मालक म्हणाले, "खुर्ची आणा कोणीतरी." खुर्ची आली. हे बसले नाहीत. आमच्या नंबरची वेळ झाली होती, आम्ही निघालो.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या, पुढे काय काय होत जाईल तेही सांगितलं. मी ऐकत होते. त्यांच्या टेबलावरचा पंखा धुळीने भरला होता. घरी येऊन मी वाळलेले कपडे काढले, घड्या घातल्या. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. अजून आलेलं नाही.

हॉलमध्ये आता त्या तरुण शिक्षकाचा नमुना आहे. मालकांनी यांना अधूनमधून येत जा म्हणून सांगितलं. हे जात नाहीत.

आज बाजारात दातांचे डॉक्टर भेटले. "काकू, चेंडू उडायला लागला बरं का," म्हणाले आणि लगेच भाजीवाल्याकडे वळले. मी बरं म्हटलं. परतताना पिशवी मुद्दाम डाव्या खांद्यावर घेतली. ती घसरत राहिली. कोपऱ्यावर थांबून पुन्हा उजव्यावर घेतली.

घरी हे खुर्चीत बसले होते.

"अहो, दातांचे डॉक्टर भेटले. चेंडू उडतो म्हणाले."

"उडणारच," हे म्हणाले.

मी दिवा लावला आणि बसले. डोळे मिटले नाहीत. यांचा अंगठा फिरत होता. तो नाम घेत नाही हे आता मला माहीत आहे. तरी त्याच्या प्रत्येक फेऱ्याला मी एक नाम घेतलं, आणि तो थांबत नव्हता म्हणून मलाही थांबता येईना.