उंच बोर्डावर बाबा

माझी आत्या सव्वीस वर्षं पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक होती. उडी मारायच्या बोर्डावर चढलेला माणूस उडी मारणार की मुकाट शिडी उतरणार, हे ती त्याच्या पायांच्या बोटांवरून ओळखायची आणि सहसा चुकायची नाही.

तिच्या धाकट्या भावाचा, म्हणजे माझ्या बाबांचा, एकच हेका. "देवाला सगळं आधीच ठाऊक आहे ना? मग आपण ठरवतो ते नुसतं नाटक!"

बाबा पोहायचे छान, पण उंच बोर्डाच्या वाटेला कधी गेले नव्हते. साठाव्या वाढदिवशी मात्र ते तावातावाने थेट वर चढले. खाली आम्ही श्वास रोखून उभे.

"ताई, सांग, मी उडी मारणार का?"

"मला कळलंय. सांगणार नाही!"

"म्हणजे ठरलेलंच आहे!"

"अरे, मला कळलं म्हणून मी तुला ढकललं का?"

"तू चुकू शकतेस. देव चुकत नाही!"

"न चुकता बघणं म्हणजेही बघणंच, वेड्या! तू उडी मारणार म्हणून त्याला ती दिसते. त्याला दिसते म्हणून तू मारतोस, असं नाही!"

बाबा एवढ्या मोठ्याने हसले की बोर्ड थरथरला, आणि धाडकन उडी! आम्ही सगळे चिंब. वर येताच ते ओरडले, "मीच मारली! मी स्वतः!"

आत्या काठावर अक्षरशः नाचत होती.

बाबा धापा टाकत पुन्हा शिडीकडे धावले, आणि या वेळी त्यांच्यामागे मीही रांगेत उभी राहिले.