मानेवरचा ठिपका

पूर्णा स्टेशनसमोरच्या फोटो स्टुडिओत निगेटिव्ह दुरुस्त करणारा एक माणूस बसायचा. त्याचं नाव मी विचारलं नाही. बायको वारून महिना झाला होता. तिचा मोठा फोटो करून घ्यायचा, तर घरात एकच निगेटिव्ह सापडली होती. तीही धुळीनं माखलेली, चरे पडलेली.

भर उन्हाळ्यात त्यानं पंखा बंद ठेवला होता. "गुरुजी, शिंक आली तर भायर जाऊन शिंका," तो म्हणाला. "लय मुश्किलीनं धूळ खाली बसलीय." खालून उजेड येणाऱ्या काचेवर निगेटिव्ह ठेवून तो मऊ ब्रशनं एकेक कण उचलायचा, मग टोकदार पेन्सिलीनं चरे भरायचा. श्वास सोडताना मान बाजूला वळवायचा.

काम संपत आलं तेव्हा त्याचा हात थांबला. "कानाखाली हा ठिपका हाय. फिल्मला भोक पडलं तरी फोटोत असाच काळा येतो, अन् तीळ असला तरी असाच. बाईंना तीळ होता का?"

मी आठवून पाहिलं. तिथं नेहमी पदर असायचा. फोटोपुरता सरकला असावा. इतक्या वर्षांच्या संसारात मला ते ठाऊक नव्हतं.

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "मंग राहू द्या. भोक असलं तर कुणाचं काय जायलंय? पण तीळ असला, तर तो पुसणारा मी कोण?"

परतीची गाडी सुटल्यावर मला एकदम हलकं वाटलं. घरी पोचल्यावर तिलाच विचारायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं.