कावळा शिवेपर्यंत

आमच्या घरात धर्म पाळणारं कोणी नाही. दुसरा पाळतोय की नाही यावर लक्ष ठेवणारे मात्र भरपूर. बाबा गेल्यावर हे सगळे एकदम जागे झाले. दहाव्याच्या आदल्या दिवशी काका आमच्या कात्रजच्या फ्लॅटवर आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "बायका घाटावर जात नाहीत. आपल्यात ती पद्धत नाही." श्रावणात मटण खायला मुद्दाम परगावी कामं काढणारा हा माणूस!

 दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं चपला घातल्या, बाबांची काळी छत्री घेतली आणि सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसली. "ऊन सोसत नाही मला," एवढंच म्हणाली. तिला खाली उतरवायची काकांची हिंमत झाली नाही.

तिच्या जिवाला घोर वेगळाच लागला होता. माझ्या दोघा भावांनी परस्पर ठरवून टाकलं होतं की फ्लॅट विकायचा आणि आईनं सहा महिने थोरल्याकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी भागातल्या टॉवरमध्ये, सहा महिने धाकट्याकडे बंगळुरूला राहायचं. तिला कोणी विचारलंही नव्हतं. मी भांडले, तर उत्तर मिळालं, "तू यात पडू नकोस, तुझं लग्न झालंय." दिवसभर अमेरिकेशी मीटिंग करणारी माझी भावंडं घरात बोलताना थेट पेशवाईत जातात. नुसता संताप झाला माझा.

घाटावर पिंड मांडले. थोरल्यानं शेजारी कांदाभजी ठेवली, जिलबी ठेवली. बाबांनी भज्यांकडे नुसतं पाहिलं तरी हाच थोरला कोलेस्टेरॉलवर प्रवचन द्यायचा. आता म्हणे, "बाबा, पोटभर खा!" मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही.

सगळे मागे सरकले. आई मात्र पिंडाजवळच्या पायरीवर छत्री उघडून बसली. काका पुटपुटले, तशी म्हणाली, "जन्मभर यांच्या शेजारी बसले, आता लांब कशाला बसू?"

समोरच्या झाडावर कावळे भरपूर होते. खाली एकही येईना.

कावळा पिंडाला शिवला नाही, म्हणजे गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली, असं आमच्याकडे मानतात. मग एकेकानं पुढे होऊन, हात जोडून, ती पुरी करायचं वचन द्यायचं. कावळा शिवला म्हणून माझ्या आजीला बाहेरच्या खोलीत बसवायचे; तोच शिवावा म्हणून आता इंजिनिअर हात जोडून उभे! काका म्हणाले, "दादा, मी सगळ्यांकडे लक्ष देईन." झाडावर काव काव झालं, हसले असावेत. धाकट्यानं वर्षश्राद्ध कबूल केलं, थोरल्यानं अन्नदान. कावळे ढिम्म.

गुरुजींना पुढे दुसरा दहावा होता. "शास्त्रात सोय आहे," ते म्हणाले. "दर्भाचा कावळा करू आणि शिववू." आपल्या शास्त्राचं मला हेच आवडतं. नियम कितीही कडक असो, मागचं दार उघडं असतं. धाकटा लगेच म्हणाला, "करा, करा. माझी फ्लाइट आहे."

"थांबा," आई म्हणाली. "यांची इच्छा मला ठाऊक आहे. जायच्या आधी म्हणाले होते, काही झालं तरी तू हे घर सोडू नकोस."

शेवटच्या दिवसांत बाबांची वाचा गेली होती, हे मला माहीत होतं. मी तोंड उघडलं नाही.

भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. भोवती नातेवाईक, बाबांचे कारखान्यातले मित्र, सगळ्यांचे कान टवकारलेले. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "अहो, मग द्या ना वचन!"

थोरला पुढे झाला. "बाबा, फ्लॅट विकणार नाही. आई तिथेच राहील." धाकट्यानंही तेच म्हटलं, जरा पुटपुटत.

"मोठ्यानं बोल," आई म्हणाली. "त्यांना कमी ऐकू यायचं."

तो मोठ्यानं बोलला.

आई उठली, छत्री मिटली आणि आमच्यात येऊन उभी राहिली. कावळा आलाच. आधी भजी पळवली, मग परत येऊन पिंडाला चोच लावली. थोरला ढसाढसा रडला. बाबा खरंच गेले, हे मलाही तेव्हाच कळलं. काका तर आता लोकांच्या दहाव्याला जाऊन ही हकिकत सांगतात. दर वेळी कावळे वाढतात. अलीकडे पिंडावर प्रकाशही पडायला लागलाय. आणखी दोन पिढ्यांनी त्याची पोथी होईल आणि कोणीतरी ती सोवळ्यात वाचेल.

यंदाच्या उन्हाळ्यात आईनं कुरडया केल्या. मी मदतीला कात्रजला गेले. गच्चीत जुनी साडी पसरून आम्ही कुरडया घातल्या, तोच पाण्याच्या टाकीवर कावळे येऊन बसले. आईनं बाबांची छत्री आणली आणि वाळवणाशेजारी उघडून ठेवली.

"ही कशाला?"

"इतकी वर्षं मी वाळवण कशानं राखते? ही उघडी असली की एक कावळा फिरकत नाही."

मी छत्रीकडे पाहिलं. मग आईकडे.

"बघत काय बसलीस?" ती म्हणाली. "ते टोक धर, साडी उडतेय."